आतड्यातले पाणी ओढते कोण? जलवाहिनी प्रथिनांविषयी वाचकांचे प्रश्न

मूत्रपिंडावरच्या मागच्या लेखात पेशींमधल्या ‘ॲक्वापोरिन’ या प्रथिनांचा उल्लेख आला होता. पेशीच्या पटलात बसून पाण्याला वाट करून देणारी ही प्रथिने. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मात्र आतड्याविषयी होती: जुलाब, बद्धकोष्ठ, साखर-मिठाचे पाणी, बाजारातली पेये. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतो आहे.

प्रश्न : पाणी पेशीपटलातून आपोआप आत-बाहेर जाते, त्याला परासरण म्हणतात, असे आम्ही अकरावीत शिकलो. मग पाण्यासाठी वेगळी प्रथिने कशाला हवीत? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक)

तुम्ही शिकलात ते बरोबरच आहे. पेशीपटल स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असते आणि त्यातून थोडेथोडे पाणी झिरपते. पण तांबड्या रक्तपेशी, मूत्रपिंडाच्या काही पेशी यांच्यातून पाणी इतक्या झपाट्याने जाते की नुसत्या झिरपण्याने त्याचा हिशेब लागत नाही. पाण्याला खास वाट असली पाहिजे, असा शास्त्रज्ञांचा कयास अनेक दशके होता. ती वाट हाती लागत नव्हती.

ती सापडली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आणि तीही दुसरेच काही शोधताना. पीटर ॲग्रे यांची प्रयोगशाळा आर-एच रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत होती. शुद्धीकरणात एक अनोळखी प्रथिन वारंवार सोबत येत होते. तांबड्या पेशीत ते भरपूर होते, पण त्याचे काम कुणालाच ठाऊक नव्हते. 1992 मध्ये त्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकाच्या अंडपेशी तळ्याच्या पाण्यात राहूनही फुगत नाहीत. या अंडपेशींत त्या प्रथिनाची कृती सांगणारे आरएनए टोचले आणि त्या पातळ द्रावणात सोडल्या. काही मिनिटांत त्या फुगल्या आणि फुटल्या. न टोचलेल्या अंडपेशी जशाच्या तशा राहिल्या. या कामासाठी ॲग्रे यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते त्यांनी रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून घेतले. मॅकिनन यांचे काम पोटॅशियमच्या वाहिन्यांवरचे होते.

या वाहिनीची रचना पाहण्यासारखी आहे. चार प्रथिने एकत्र येऊन बसतात, पण प्रत्येकाचे छिद्र स्वतंत्र असते. छिद्राची सर्वांत अरुंद जागा जेमतेम 0.28 नॅनोमीटर, म्हणजे पाण्याच्या एका रेणूएवढीच. त्यामुळे रेणू एकामागे एक असे एकेरी रांगेनेच जातात. तरीही एका वाहिनीतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू पार होतात. आणि एवढ्या गर्दीतून हायड्रोजनचा सुटा आयन मात्र जाऊ शकत नाही. हे फार महत्त्वाचे आहे, कारण तो गळू लागला तर पेशीने आत-बाहेर राखलेला आम्लतेचा आणि विद्युतभाराचा फरकच कोसळेल.

माणसात अशा 13 जलवाहिन्या आहेत. त्यांना 0 ते 12 असे क्रमांक आहेत. 3, 7, 9 आणि 10 या क्रमांकांच्या वाहिन्या पाण्यासोबत ग्लिसरॉललाही वाट देतात.

प्रश्न : आतड्यात यांपैकी कोणत्या असतात? प्यायलेले सगळे पाणी त्यांच्याच वाटेने शरीरात येते का? (निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, कराड)

आधी पाण्याचा हिशेब मांडू, कारण तो बहुतेकांना ठाऊक नसतो. आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी तोंडावाटे घेतो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून आणखी सहा-सात लिटर पाणी शरीर स्वतःच आतड्यात ओतते. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर. त्यातले बरेचसे लहान आतडे परत घेते. मोठ्या आतड्यापर्यंत दीड-दोन लिटर पोहोचते आणि शौचावाटे जेमतेम 100 ते 200 मिलीलिटर बाहेर पडते. एवढा काटेकोर कारभार शरीर रोज करते.

आता वाहिन्या. मोठ्या आतड्याच्या आतल्या थरातील पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला 3 क्रमांकाची वाहिनी भरपूर आढळते. याच पेशींमध्ये 8 क्रमांकाचीही असते. माणसाच्या लहान आतड्यात 7 आणि 10 क्रमांकाच्या आहेत. आतड्यातील केशवाहिन्यांच्या भिंतीत 1 क्रमांकाची आहे. एवढी यादी पाहिली की ‘आतड्यातले पाणी ॲक्वापोरिन ओढतात’ असे वाक्य लिहावेसे वाटते, आणि तसे लिहिलेले अनेक ठिकाणी वाचायलाही मिळते. पण ते चूक आहे. या सदरातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: जलवाहिनी पाणी ओढत नाही.

शेताच्या बांधाला मोरी ठेवली म्हणून पाणी त्या शेतात येत नाही. उतार जिकडे असेल तिकडेच ते जाते. पेशींच्या जगात हा उतार क्षार आणि साखर ठरवतात. आतड्याच्या पेशी रक्ताकडच्या बाजूला असलेल्या सोडियम-पोटॅशियम पंपाने सोडियम सतत बाहेर ढकलतात. शेजारशेजारच्या दोन पेशींमधल्या अरुंद फटीत तो साचतो, तिथला द्राव खारट होतो आणि पाणी त्याच्या मागे येते. पंपाला ऊर्जा लागते. पाण्याला वेगळी ऊर्जा खर्चावी लागत नाही.

मग हे पाणी नेमके कोणत्या वाटेने येते? इथे संशोधकांत आजही एकमत नाही. एक वाट पेशीच्या आतून, म्हणजे जलवाहिन्यांतून. दुसरी दोन पेशींच्या सांध्यातून. तिथल्या क्लॉडिन-2 नावाच्या प्रथिनातून सोडियमबरोबर पाणीही जाते असे दिसून आले आहे. तिसरी वाट साखर आणि सोडियम एकत्र आत नेणाऱ्या वाहक प्रथिनाची. तेच प्रथिन पाण्याचे रेणूही सोबत खेचते, असे अमेरिकेतल्या अर्नेस्ट राइट यांच्या गटाचे म्हणणे आहे. इतरांना ते मान्य नाही.

ॲक्वापोरिनचा वाटा मोजायचा सरळ उपाय म्हणजे ते प्रथिनच नसलेले उंदीर तयार करून पाहणे. कॅलिफोर्नियात ॲलन व्हर्कमन यांच्या प्रयोगशाळेने ते केले. 4 क्रमांकाची वाहिनी नसलेल्या उंदरांत मोठ्या आतड्याची पाणी पार होऊ देण्याची क्षमता घटलेली मोजता आली, पण त्यांची विष्ठा काही पातळ झाली नाही. 8 क्रमांकाची वाहिनी नसलेल्या उंदरांतही फारसा बिघाड दिसला नाही. यावरून मी एवढाच निष्कर्ष काढतो की लहान आतड्यात ॲक्वापोरिन हे मुख्य पात्र नव्हे. मोठ्या आतड्यात त्यांना अधिक महत्त्व असावे, कारण घट्ट होत चाललेल्या मळातून शेवटचे पाणी काढून घेणे हे अवघड काम आहे.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलाला उन्हाळ्यात दोनदा जुलाब झाले. डॉक्टरांनी ओआरएस द्यायला सांगितले. जुलाबात या वाहिन्या बिघडतात का? आणि पाण्यात साखर कशासाठी? नुसते मीठ-पाणी का नाही चालत? (एक आई, लातूर)

ताई, तुमच्या प्रश्नातच आधुनिक वैद्यकातली एक फार मोठी गोष्ट दडली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

जुलाबाची कारणे अनेक असतात. त्यातले सर्वांत स्पष्ट समजलेले उदाहरण पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे. पटकीचा जिवाणू आतड्याची भिंत फोडत नाही. तो एक विष सोडतो. हे विष आतड्यातच काम करते हे कोलकात्याच्या शंभूनाथ दे यांनी 1959 मध्ये दाखवून दिले. या विषामुळे पेशीतील एका संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढते, क्लोराइडची वाहिनी उघडीच राहते आणि क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतला जातो. त्याच्या मागे सोडियम, आणि दोघांच्या मागे पाणी. तीव्र पटकीत रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. इथे जलवाहिन्या बिघडलेल्या नसतात, उतार उलटा झालेला असतो.

काही जंतूंच्या बाबतीत वाहिन्यांचीही जागा बदलते. उंदरांना जुलाब घडवणाऱ्या एका जिवाणूच्या संसर्गात 2 आणि 3 क्रमांकाच्या वाहिन्या पेशीपटलावरून उठून पेशीच्या आत गेलेल्या दिसल्या. त्यामुळे जुलाबाला हातभार लागतो. पण मुलाच्या उपचारात त्याने आज काही फरक पडत नाही.

आता साखर. आतड्याच्या पेशींवर साखर आत नेणारे एक वाहक प्रथिन आहे. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकाच वेळी आत घेते. दोन्ही मिळाले तरच ते कामाला लागते. पटकीचे विष या वाहकाला हात लावत नाही. म्हणजे आतडे एकीकडून क्षार ओतत असले तरी दुसरीकडून क्षार आत घेण्याची वाट शाबूत असते, फक्त तिला साखर लागते. नुसते मीठ-पाणी जुलाबाच्या वेळी नीट शोषले जात नाही. साखर मिळाली की सोडियम आत येतो आणि त्याच्या मागे पाणी येते.

साखर आणि सोडियम हातात हात घालून आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचे द्रावण तोंडाने देऊन दाखवले. आणि 1971 मध्ये, बांगलादेशच्या मुक्तियुद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने मरत असताना, सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मिसळलेले पाणी पिंपांतून वाटले. रुग्णांना ते नातेवाईकच पाजत. तिथला मृत्युदर 30 टक्क्यांच्या आसपास होता, तो तीन-चार टक्क्यांवर आला. डॉ. महालनबीस 2022 मध्ये वारले आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. हा मान त्यांना हयातीत मिळायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

सालांकडे बघा. ॲक्वापोरिन 1992 मध्ये सापडले, आणि जलसंजीवनीने, म्हणजे ओआरएसने, त्याच्या 20 वर्षे आधी माणसे वाचवली होती. पाण्याची वाट ठाऊक नव्हती, पण पाणी ओढते कोण हे कळले होते. (पीटर ॲग्रे यांनीही वैद्यकीय शिक्षण घेताना जुलाब घडवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या विषावर काम केले होते.)

आता तुमच्या मुलाविषयी. हल्लीच्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पुडी जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात अख्खी विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. ते पाणी 24 तासांत संपवा, उरले तर टाकून द्या. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 100 ते 200 मिलीलिटर घोट-घोट पाजायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचे. जेवण बंद करू नका. डॉक्टरांनी झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी सांगितलेले 10 ते 14 दिवस पूर्ण करा.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर ते धोक्याचे आहे, म्हणून चमचा सपाटच हवा. मीठ घातलेली भाताची पेजही चांगली. तांदळातले पिष्ट हळूहळू फुटून ग्लुकोज मिळत राहते आणि आतड्यातला द्राव एकदम दाट होत नाही.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी थांबू नका.

प्रश्न : दुकानात मिळणारे गोड पेय किंवा फळांच्या चवीचे ‘ओआरएस’ चालते का? (पुणे)

नाही. थंड पेयांत 100 मिलीलिटरला 10-11 ग्रॅम साखर असते, ओआरएसमध्ये 1.35 ग्रॅम. सोडियम तर त्यांत नगण्यच. इतका गोड द्राव आतड्यात गेला की तोच शरीरातले पाणी पोकळीकडे खेचतो आणि जुलाब वाढतात. चवीची बरीच खोकी याच जातीची होती. 2025 च्या ऑक्टोबरात केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला मनाई केली. तरी घेताना घटकांची यादी वाचाच.

प्रश्न : मला बद्धकोष्ठाचा जुना त्रास आहे. सोनामुखी घेतल्याने आतड्यातल्या जलवाहिन्या कमी होतात असे वाचले. हे खरे का? रोज घेणे धोक्याचे आहे का? (वय 62, कोल्हापूर)

तुम्ही वाचलेले संशोधन जपानमधले आहे, तोक्योच्या होशी विद्यापीठातले. तिथे उंदरांना सोनामुखीतला मुख्य घटक दिला तेव्हा मोठ्या आतड्यातल्या 3 क्रमांकाच्या वाहिन्या कमी झाल्या. बिसाकोडिल या रेचकानेही तेच झाले. मळातले पाणी शोषून घेण्याची वाट अरुंद झाली, पाणी मळातच राहिले आणि तो पातळ झाला. उलट मॉर्फिन दिलेल्या उंदरांत याच वाहिन्या वाढल्या आणि बद्धकोष्ठ झाले. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्यांना बद्धकोष्ठ का होतो याचे हे एक कारण असू शकेल. आतड्याची हालचाल मंदावणे हे मुख्य कारण तर आहेच.

याच गटाने मॅग्नेशियम सल्फेटचा रेचक दिला तेव्हा 3 क्रमांकाच्या वाहिन्या वाढल्या, आणि तरीही जुलाब झाले. विसंगत वाटते ना? पण नाही. मॅग्नेशियम शोषले जात नाही, ते पोकळीतच राहून पाणी स्वतःकडे खेचते. त्यामुळे पाण्याची दिशा उलटी होते आणि तीच वाहिनी पाणी पोकळीत सोडते. जलवाहिनीला स्वतःची दिशा नसते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सोनामुखी आतड्याला आकुंचनही करायला लावते, आणि तिच्या परिणामात त्याचा मोठा वाटा आहे. अधूनमधून घेतली तर बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. पोटॅशियम घसरू शकते. इसबगोल मात्र वाहिन्यांशी काही करत नाही. त्याची भुशी पाणी स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचे. आणि वयाच्या साठीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली असेल, वजन घटत असेल किंवा रक्त जात असेल, तर आधी तपासणी, मग रेचक.

प्रश्न : मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दीर्घकाळचा दाह) आहे. या आजारात ॲक्वापोरिन कमी होतात का, आणि ते वाढवणारे औषध आहे का? (ठाणे)

आजारी आतड्याच्या तुकड्यांत या प्रथिनांचे प्रमाण बदललेले आढळते, पण सगळीकडे सारखे नाही. तुमच्या जुलाबांचे मोठे कारण वेगळे आहे. दाहामुळे मोठ्या आतड्याच्या पेशी सोडियम नीट शोषत नाहीत आणि पेशींमधले सांधे सैल होतात. वाहिनी कमी होणे हा त्या पडझडीचाच एक भाग.

तरीही 3 क्रमांकाच्या वाहिनीविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती नसलेल्या उंदरांत रसायनाने कोलायटिस घडवला तेव्हा त्यांचे आतडे इतर उंदरांपेक्षा वाईट सोलवटले, कारण नव्या पेशी पुरेशा वेगाने तयार होत नव्हत्या. ग्लिसरॉल पाजल्यावर उंदीर अधिक तगले. म्हणजे या वाहिनीचे आतड्यातले काम पाण्यापुरते नाही. ती आत आणत असलेले ग्लिसरॉल जखम भरून येण्याच्या कामी येते. 8 क्रमांकाची वाहिनीही हायड्रोजन पेरॉक्साइडला वाट देते, आणि पेशी त्याचा संदेशासाठी उपयोग करतात. पुढच्या संशोधनात आतड्यातल्या ॲक्वापोरिनचे खरे मोल इथे ठरेल असा माझा अंदाज आहे.

पण हे उंदरांतले काम आहे. ॲक्वापोरिन वाढवणारे औषध आज बाजारात नाही. ग्लिसरॉल पिऊन पाहू नका आणि चालू औषधे बंद करू नका.

प्रश्न : एक विक्रेता घरी येऊन अल्कलाइन पाण्याचे यंत्र दाखवून गेला. त्यातले पाणी ‘लहान समूहांचे’ असते, म्हणून ते ॲक्वापोरिनमधून लवकर शिरते, असे तो म्हणाला. किंमत लाखाच्या पुढे आहे. घ्यावे का? (सांगली)

घेऊ नका. वाहिनीतून पाणी एकेका रेणूनेच जाते, मग ते कुठल्याही यंत्रातून आलेले असो. द्रवरूप पाण्यात रेणूंचे एकमेकांशी असलेले बंध सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कमी काळात तुटतात आणि जुळतात. यंत्रातून पेल्यात येईपर्यंत कोणताही ‘समूह’ टिकत नाही. अल्कलाइनपणही जठरातल्या आम्लात संपते. आणि लवकर शिरण्याची अडचण मुळात आहेच कुठे? साधे पाणी प्यायल्यावर पाच मिनिटांत ते रक्तात दिसू लागते. चिन्हांकित, म्हणजे नंतर रक्तात ओळखता येईल असे, पाणी पाजून हे मोजलेले आहे. तो पैसा चांगला फिल्टर आणि घरातली टाकी स्वच्छ करून घेण्यावर खर्च करा.

प्रश्न : या वाहिन्या जन्मतःच नसलेली माणसे आहेत का? (पुन्हा नाशिकची विद्यार्थिनी)

आहेत, पण अतिशय विरळा. 1 क्रमांकाच्या वाहिनीवरच कोल्टन नावाच्या रक्तगटाची खूण असते. ती वाहिनी अजिबात नसलेली मोजकी माणसे जगात सापडली, ती रक्तगटाच्या तपासणीतूनच. त्यांचे रोजचे आयुष्य सुरळीत होते. पाणी तोडून तपासले तेव्हा मात्र त्यांना लघवी पुरेशी दाट करता येत नाही असे 2001 मध्ये दिसले. 3 क्रमांकाच्या वाहिनीवर जिल या रक्तगटाची खूण असते आणि ती नसलेलीही थोडी माणसे माहीत आहेत. आतड्याच्या गंभीर तक्रारीने नव्हे, रक्ततपासणीतच ती ओळखू आली. एका वाहिनीचे काम बंद पडले तर आतड्याकडे इतर वाटा आहेत, या वर सांगितलेल्या गोष्टीशी हे जुळते. अशा माणसांची खरी अडचण रक्त चढवण्याच्या वेळी होते, कारण त्यांच्याशी जुळणारे रक्त जगात फार थोड्या लोकांकडे असते.